वकील, नोटरी, एजंट की मोफत विधी सेवा? आधी हातात कोणता कागद हवा ते ठरवा

जिल्हा न्यायालयाच्या आवारात मी बरीच वर्षं वकिलांकडे कारकुनी केली. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे पुढे लिहिलेलं कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून सकाळी साडेदहाला गेटातून आत येणारा माणूस कुठे चुकतो, ते मी रोज पाहिलंय. गेटाशी टायपिंगवाला. त्याला लागून मोठ्या छत्रीखाली नोटरी. पलीकडे मुद्रांक विक्रेत्याची रांग. आत बार रूम, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पाटी. आलेला माणूस जे टेबल आधी दिसेल तिथे बसतो, नाहीतर मेव्हण्याने ज्याचं नाव सांगितलंय त्याला शोधत फिरतो.

एकदा एक गृहस्थ हक्कसोडपत्र घेऊन आले. वडील वारल्यावर तिन्ही बहिणींनी राजीखुशीने गावच्या घरातला आणि जमिनीतला हिस्सा भावाला सोडला होता. कागद बघण्यासारखा होता. मुद्रांकाचा पेपर, चौघांचे फोटो, अंगठे, नोटरीचा लाल शिक्का, रजिस्टरचा अनुक्रमांक, सगळं जागच्या जागी. तरी तलाठी फेरफार (महसूल दप्तरातली नावबदलाची नोंद) घालेना, म्हणून ते तणतणत होते. तलाठ्याचं बरोबर होतं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम १७ तेच सांगतं. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा, चुकला तर दंड भरून आणखी ४ महिने. इथे दोन वर्षं उलटली होती. मधल्या काळात एक बहीण गेली, आणि तिच्या मुलांना आता मामाला हिस्सा सोडायचा नव्हता.

नोटरीने फसवलं नव्हतं. ‘हे नोटरी करून द्या’ म्हणून सांगितलं, त्याने करून दिलं. चूक टेबलाची झाली. म्हणून माणूस शोधण्याआधी मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायचो: हे सगळं संपल्यावर तुमच्या हातात कोणता कागद असायला हवा, आणि तो कागद द्यायचा अधिकार कोणाला आहे?

१. शेवटचा कागद कोणता

सातबाऱ्यावर वारसाचं नाव हवं असेल तर शेवटचा कागद म्हणजे मंजूर फेरफार. तो महसूल खातं देतं. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर करायचा, वकील लागत नाही. शेतजमिनीचं वाटप सगळ्यांच्या संमतीने करायचं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. मात्र एका जरी भावाने ‘मुळात हा हिस्साच मला मान्य नाही’ म्हटलं की हवा असलेला कागद बदलला. आता दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री) लागणार, आणि तो मिळवायला वकील. इथे एक गैरसमज फार आहे: फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली. तसं नाही. ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

घर घेताय, तर दोन कागद लागतात. एक नोंदणीकृत खरेदीखत, आणि त्याच्याही आधी वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मागच्या ३० वर्षांचे व्यवहार तपासून मिळकतीवर बोजा, वाद, वारसांचा हक्क आहे का ते सांगणारा अहवाल. लोक खरेदीखतावर लाखोंचा मुद्रांक भरतात आणि सर्च रिपोर्टवर काही हजार वाचवतात. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअर, हेही धरून चालू नये. बँकेचा वकील बँकेसाठी तपासतो.

घटस्फोट हवाय, तर शेवटचा कागद न्यायालयाचा. नोटरीपुढे मुद्रांकावर लिहिलेल्या ‘फारकतीने’ हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. असा कागद घेऊन दुसरं लग्न केलेली जोडपी मी पाहिली आहेत, पुढचं सांगत नाही.

आणि कधी कधी हवा असलेला कागद म्हणजे फक्त चेक असतो. उसने दिलेले पैसे परत हवेत, निकाल नकोय. मग रस्ता वेगळा, तडजोडीचा. त्याबद्दल खाली येतंच.

२. मुदत आधी मोजा

कोणाकडे जायचं हे ठरवण्यात महिने घालवता येतात, पण काही कामांत ते परवडत नाही. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या १ महिन्यात कोर्टात फिर्याद. फिर्यादीला झालेला उशीर योग्य कारण दाखवून माफ करून घेता येतो, नोटिशीचा नाही. ग्राहक तक्रारीला २ वर्षं आहेत. दिवाणी दाव्याचं समन्स आलं तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट फार तर ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं.

समन्स, नोटीस, मेमो, जे काही टपालाने आलं त्याचं पाकीट टाकू नका. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो आणि मुदत कधीपासून मोजायची हे त्यावर ठरतं. पिशवीत सगळे कागद असतात आणि पाकीट नेमकं रद्दीत गेलेलं असतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की घरी आलेली साधी लग्नपत्रिकाही मी पाकिटासकट ठेवतो.

३. वकील लागतोच का?

पोलिसांत फिर्याद द्यायला वकील लागत नाही आणि प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला फुकट मिळते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत स्वतः करायचा. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात २००५ च्या कायद्याने नेमलेले संरक्षण अधिकारी अहवाल तयार करून अर्ज दाखल करायला मदत करतात. तातडीची गरज असेल तर महिलांसाठी १८१ हा नंबर आहे.

ग्राहक आयोगापुढे स्वतः उभं राहता येतं. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवेची तक्रार चालते आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून बघा, बऱ्याच कंपन्या तिथेच पैसे परत करतात. बिल्डरविरुद्ध महारेरात तक्रार करतानाही स्वतः बाजू मांडता येते. तरीही रक्कम मोठी असेल आणि समोर कंपनीचा वकील असेल तर तक्रार लिहून घेण्यापुरता वकील धरावा असं माझं मत. मुद्दे पहिल्या कागदात आले नाहीत तर नंतर घुसवणं अवघड जातं.

कौटुंबिक न्यायालयात तर कायद्यानेच वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात ती सहसा मिळते. तिथले विवाह समुपदेशक पैसे घेत नाहीत, त्यांच्याशी बोलणं टाळू नका.

ज्याला कोर्टात स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायचंय त्याला ते करता येतं. दुसऱ्याचं मात्र नाही. कुलमुखत्यारपत्र घेतलेला भाचा तुमच्या वतीने सह्या करेल, कागद देईल. वकिलासारखा युक्तिवाद करायचा तर त्याला त्या प्रकरणापुरती न्यायालयाची खास परवानगी लागेल. परवाना नसताना वकिली करणाऱ्याला अधिवक्ता अधिनियम १९६१ मध्ये ६ महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

४. आता माणसं बघू

नोटरी. नोटरी अधिनियम १९५२ खाली सरकारने नेमलेला, बहुधा वकिली करणाराच. सही तुमचीच आहे, शपथ तुम्ही घेतलीत, प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढं तो प्रमाणित करतो. आत लिहिलेला मजकूर खरा आहे की कायद्यात बसतो, याची हमी त्याच्या शिक्क्यात नसते. प्रतिज्ञापत्र, करारनामा, परदेशी पाठवायची कागदपत्रं यासाठी जा. सही त्याच्यासमोरच करा आणि त्याच्या रजिस्टरमध्येही करा. शिक्के मारून ठेवलेले कोरे कागद देणाऱ्या टेबलावरून उठून यावं. शासकीय दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी शेजारचा एजंट तुम्हाला पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतो. नको म्हणा.

बाँड रायटर, दस्तलेखक, एजंट. यांना लोक उगाच शिव्या देतात. साधं खरेदीखत, भाडेकरार यांचा मजकूर त्यांना तोंडपाठ असतो, निबंधक कार्यालयात कोणत्या खिडकीवर काय अडतं तेही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार घरी येऊन, आधार आणि बोटांचे ठसे घेऊन ऑनलाइन नोंदवून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार आहेत, ते वापरा. ‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं सांगणारा भेटला तर तो दुसऱ्या राज्याचा नियम सांगतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरून चालतात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

एजंटाची हद्द कुठे संपते? कागदात ‘पण’ आला की. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी आहे, पण विकायची आहे. सोसायटीत वारसाची नोंद नाही, पण फ्लॅट विकायचाय. एक भाऊ अज्ञान (अल्पवयीन) आहे, पण वाटप करायचंय. अशा ठिकाणी एजंट जुन्या दस्ताचा नमुना काढून नावं बदलतो आणि पुढची वीस वर्षं घर कोर्टात जातं.

सीए, कंपनी सेक्रेटरी, ट्रेडमार्क एजंट. कराची नोटीस, कंपनीची कागदपत्रं, ब्रँडची नोंदणी ही कामं त्यांची. आयकराच्या नोटिशीला उत्तर द्यायला कोर्टातला वकील शोधत बसू नका.

वकील. काळा कोट सारखाच असला तरी आतली माणसं निरनिराळी. दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, महसूल, सहकार. तालुक्याच्या कोर्टात एकच वकील सगळं बघतो आणि ते चालतंही, कारण तिथे कोर्टही तेच आणि माणसंही तीच. उच्च न्यायालयात किंवा ट्रिब्युनलमध्ये त्याच विषयाचा माणूस बघावा. ‘सिनियर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, चेंबरमधले वयाने मोठे वकील. दुसरा, न्यायालयाने पदनाम दिलेले वरिष्ठ अधिवक्ता, ज्यांना स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या वकिलामार्फतच जावं लागतं, म्हणजे फी दोन. सर्वोच्च न्यायालयात दाखल करायचं तर अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे तिथे दाखल करण्यासाठी खास नोंदलेला वकीलच लागतो.

मोठी फर्म घ्यावी की एकटा वकील? कंपनीचे करार, अनेक शहरांत पसरलेला वाद असेल तर फर्म. घरातला वाद असेल तर एकटा वकील, ज्याचा फोन तो स्वतः उचलतो. फर्ममध्ये पहिल्या दिवशी भेटलेला माणूस तारखेला दिसत नाही, हे गृहीत धरून विचारा: ‘कोर्टात प्रत्यक्ष कोण उभं राहणार?’

सरकारी वकील. पोलीस केसमध्ये फिर्यादीच्या बाजूने राज्य लढतं, सरकारी वकील ती चालवतो, त्याला तुम्ही फी द्यायची नसते. त्याच्या मदतीला स्वतःचा वकील मात्र देता येतो. गुंतागुंतीच्या प्रकरणात द्यावाही, कारण सरकारी वकिलाच्या टेबलावर त्या दिवशी आणखी तीसेक फायली असतात.

ऑनलाइन सल्ला. मसुदा समजून घ्यायला, पहिला अंदाज यायला ठीक. दुसऱ्या शहरातला माणूस तुमच्या तालुक्यातल्या तलाठी कार्यालयाबद्दल बोलायला लागला की थांबा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. ‘शंभर टक्के यश’ लिहिणारी पाटी पहिल्या ओळीतच नियम मोडते आहे.

५. मोफत विधी सेवा: ‘फुकटचा वकील काय लढणार?’

हे वाक्य मी आवारात सर्वात जास्त ऐकलं असेल, आणि बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण पात्र आहोत हेच माहीत नसायचं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये यादी आहे. महिला आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करी किंवा आपत्तीची झळ पोचलेले. यांना उत्पन्नाची अट नाही. चांगल्या नोकरीतली बाई आली तरी तिला ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे’ म्हणून परत पाठवता येत नाही. या यादीत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी ५ लाख.

अर्ज साधा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. ओळखपत्र, प्रकरणाचे कागद आणि कलम १२ मधल्या कोणत्या गटात बसता त्याचा पुरावा. तिथे जमत नसेल तर १५१०० वर फोन. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळा खर्च प्राधिकरण करतं. नेमलेल्या पॅनल वकिलाने ‘चहापाण्याचे’ म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. तो प्राधिकरणाकडून मानधन घेतो आणि तुमच्याकडून घ्यायला त्याला मनाई आहे. सचिवांकडे लेखी तक्रार करा, वकील बदलूनही मिळतो.

आता खरं मत सांगतो. पॅनलवर दोन्ही प्रकार भेटतात. काही तरुण वकील नाव कमवायचंय म्हणून जीव तोडून काम करतात, काही जण नुसती तारीख घेऊन येतात. पण फौजदारी बाजू बदलली आहे. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत सुरू झाली. ते खाजगी केसेस घेत नाहीत, दिवसभर तेच काम. घरचा मुलगा रात्री उचलून नेला आणि सकाळी २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा करणार असतील, तर हातउसने पैसे काढून अनोळखी वकिलाला अॅडव्हान्स देण्याआधी विधी सेवेचा दरवाजा ठोठवा. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क त्याला आहे, सगळा वेळ वकील शेजारी बसेल असं मात्र नाही.

कोर्ट फीबद्दल एक गोष्ट वकीलही सांगायला विसरतात. पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेपासून.

तडजोडही याच कार्यालयातून होते. दावा दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो: थकलेलं बिल, बँकेचं कर्ज, चेकचं प्रकरण. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्यावर अपील नाही. शेवटचा मुद्दा नीट वाचा. दुपारी तीन वाजता लोकअदालतीच्या पॅनलसमोर घाईत ‘हो’ म्हणालात तर संध्याकाळी घरी जाऊन मत बदलता येत नाही. वीज, पाणी, विमा, रुग्णालय, दूरसंचार यांच्याशी वाद असेल तर कायमस्वरूपी लोकअदालत बघा; १ कोटीपर्यंतचा वाद तिथे चालतो, आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निर्णयही देऊ शकते. वकील लागत नाही, फी नाही.

६. वकील धरायचाच, तर असा

नाव तीन जणांकडून घ्या, त्यातला एक तरी त्या वकिलाकडे केस देऊन हरलेला असावा. जिंकलेला माणूस वकिलाचं कौतुक करतोच. हरलेला जर म्हणाला ‘त्यांनी आधीच सांगितलं होतं, कठीण आहे म्हणून’, तर त्या वकिलाकडे जा.

मग मोबाइल काढा. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अॅपवर वकिलाच्या नावाने किंवा बार नोंदणी क्रमांकाने शोधता येतं. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा क्रमांक ‘एमएएच’, आकडा आणि वर्ष असा असतो. त्याच्या चालू आणि निकाली केसेस दिसतात. तुमच्या प्रकारच्या केसेस आहेत का, की सगळ्या अपघाताच्याच, हे पाच मिनिटांत कळतं.

पहिल्या भेटीला गोष्ट सांगत बसू नका, तारखांची यादी न्या. एका पानावर: कोणत्या तारखेला काय झालं, त्याचा कागद आहे की नाही. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. आणि तुमच्याविरुद्ध जाणारी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. समोरच्या वकिलाने भर कोर्टात तुमच्याच सहीची पावती काढली की आपल्या वकिलाचं तोंड कसं होतं, ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय.

त्याला विचारा: माझ्या बाजूने सगळ्यात कमजोर काय आहे? ज्याला उत्तर सापडत नाही त्याने कागद वाचलेले नाहीत. ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असं न्यायाधीशांबद्दल म्हणणाऱ्याकडून लगेच उठा. आवारात गिऱ्हाईक पकडून देणाऱ्या दलालांबाबतही तेच. २०२३ च्या दुरुस्तीने अशा दलालांच्या याद्या करायचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे.

फी ठरवताना आकड्यापेक्षा त्या आकड्यात काय येतं ते महत्त्वाचं. पूर्ण प्रकरणाची एकरकमी की दर तारखेला? मसुदा, टायपिंग, कोर्ट फी, नकला, कारकुनाचे पैसे (हो, आमचे) धरून की सोडून? अंतरिम अर्जाला वेगळे? अपील झालं तर? हे एका कागदावर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि पैसे शक्यतो बँकेतून द्या. अपघात भरपाई किंवा भूसंपादनाच्या प्रकरणात ‘मिळेल त्यातले वीस टक्के’ असा ठराव सर्रास होतो. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठेवून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. त्यात भर म्हणून कोणी कोरे चेक सही करून मागितले, तर देऊ नका.

७. वकीलपत्र आणि नंतरची वर्षं

वकीलपत्र हा छापील कागद असतो, त्याला लोक पावतीसारखी सही करतात. त्यात बहुधा तडजोड करणं, पैसे स्वीकारणं, दावा काढून घेणं असे अधिकार लिहिलेले असतात. माझ्या ओळखीच्या एक बाई सही करण्याआधी तडजोडीची ओळ पेनाने खोडून शेजारी सही करायच्या. वकील आधी चमकले, मग हसून ‘बरोबर आहे’ म्हणाले. प्रकरणाचं नाव आणि तुमची बाजू भरल्याशिवाय सही नको.

दाखल झाल्यावर सीएनआर क्रमांक (केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागून घ्या, १६ अक्षर-अंकांचा. त्यावरून पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, झालेले आदेश मोबाइलवर दिसतात. ‘जज सुट्टीवर होते’ हे खरं की वकील गेलेच नाहीत, तेही दिसतं. एक-दोनदा गैरहजेरी माणसाची असते. सलग चार तारखांना तुमच्या बाजूने कोणी हजर नसेल तर चेंबरमध्ये जाऊन समोरासमोर बोला, फोनवर नको.

वकील बदलायचा असेल तर पद्धत म्हणजे त्यांच्याकडून ना-हरकत घेऊन नव्या वकिलाचं वकीलपत्र दाखल करणं. ना-हरकत देत नसतील तर कोर्टाकडे परवानगीचा अर्ज. ‘आधी उरलेली फी, मग फाइल’ असं ऐकावं लागलं तर २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल सांगा: थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, फी वसूल करायचे त्याचे मार्ग वेगळे. वकिलाच्या कामाबद्दल ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर असल्याचं ठरवलं. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली करायची, कागदांच्या प्रतींसह.

तोपर्यंत प्रकरण थांबवून ठेवू नका. फाइल मिळो न मिळो, कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित नक्कल अर्ज करून काढता येते. अर्जात केस नंबर, कागदाचं नाव, तारीख आणि निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) लिहा. निशाणी लिहिली नाही तर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून आठवड्याने परत येतो. निशाणी केसच्या रोजनाम्यात, म्हणजे तारखेगणिक कामकाजाच्या नोंदीत, सापडते. नक्कल विभागात कामकाज सुरू होताच जा, बाराच्या पुढे त्या खिडकीशी माझ्यासारखे कारकून दहा-दहा अर्ज घेऊन उभे असतात.